दाभोळ: ओलांडायचं गाव

पुण्यातल्या माणसाला कोकण म्हटलं की बीच लागतो. म्हणजे लागतोच. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर दर डिसेंबरात कोणीतरी विचारतं, दिवेआगर की गुहागर की मुरुड, आणि त्याखाली पहिला प्रश्न ठरलेला, रूम बीच टच आहे का, दुसरा, व्हेज मिळेल का. खाडीचं कोणी विचारत नाही. खाडी मधे येते, फेरीबोटीत गाडी घालून पलीकडे जायचं, आणि तेवढ्या वेळात गाडीतून उतरून कठड्याला टेकून एक रील काढायचं, बास.

दाभोळची बहुतेक पुणेकरांना ओळख आहे ती एवढीच. दापोलीहून गुहागरला जायचं तर चिपळूणवरून शंभराच्या वर किलोमीटरचा वळसा पडतो, दाभोळला आलं की फेरीने दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे धोपावे. त्यामुळे दाभोळ म्हणजे रांग. उतारावर लागलेल्या एमएच बारा आणि एमएच चौदा, वडापाव, लिंबू सरबत, लहान मुलाला शू, आणि आली आली म्हणेपर्यंत फेरी आली की सगळे पळत गाडीत. गावाकडे पाठ करून उभं राहायचं आणि निघून जायचं.

यावेळी आम्ही तिथे राहिलो, त्याचं श्रेय मावशीचं. मावशी ऐंशीच्या आसपास, लग्न होऊन आली तेव्हापासून पुण्यात, आता कर्वेनगरला. माहेर मात्र खाडीपलीकडचं, गुहागर तालुक्यातलं. तिला म्हटलं जानेवारीत कोकणात जातोय, चल, छान बीचवर रूम घेऊ. तर म्हणाली, "मला वाळू नको बाई, गुडघे आहेत माझे. मला बंदर दाखव. दाभोळच्या बंदरावर मी कितीदा तरी बोटीत बसलेय, पण गाव म्हणशील तर आतून बघितलं नाहीये कधी."

हे मला फार इंटरेस्टिंग वाटलं, की जिचं अख्खं लहानपण समोरच्या काठावर गेलं तिनेही दाभोळ फक्त जाता-येताच बघितलेलं. आणि मग जरा वाचायला घेतलं तर लक्षात आलं की पाचेकशे वर्षं लोक दाभोळशी हेच करत आलेत. हे ओलांडायचंच गाव आहे. घोडे इथे उतरायचे आणि घाट चढून जायचे, हजचे यात्रेकरू घाट उतरून यायचे आणि इथून जहाजात बसायचे. मुक्कामाला कोण येणार. म्हणजे आपण रांगेत उभं राहून वडापाव खातो ते गावाच्या परंपरेला धरूनच आहे म्हणायचं.

ताम्हिणी उतरून माणगाव, मग हायवेने खेड, खेडहून दापोली आणि तिथून पुढे तीसेक किलोमीटर. रस्त्याबद्दल विशेष काही सांगण्यासारखं नाही, वळणं आहेत आणि मावशीच्या पर्समध्ये आवळा सुपारी होती. वाटेत पन्हाळेकाजीचा फाटा लागतो, कोटजाई नदीच्या काठी 29 लेण्यांचा समूह आहे, आधी बौद्ध आणि पुढे नाथपंथीय. मला जायचं होतं, पण पायऱ्या बघून मावशीने गाडीतच बसून राहायची तयारी दाखवली, तर म्हटलं राहू दे, पुन्हा कधीतरी. तेवढं मनात ठेवा मात्र, की इतकी लेणी उगाच आडरानात कोणी खोदत नाही. खाडीतून वर येणारा पैसा कुठेतरी जवळपास असणारच.

दाभोळ उघड्या समुद्रावर नाहीये. हे मॅपवर कळतं पण तिथे उभं राहिलं की जास्त पटतं. वाशिष्ठी नदी चिपळूणकडून येते, खाली रुंद होत होत तिची खाडी होते आणि समुद्राला मिळायच्या थोडं आधी उत्तर काठावर, डोंगराच्या आडोशाला, गाव बसलंय. समोर दक्षिणेला धोपावे, वेलदूर आणि अगदी तोंडाशी अंजनवेल. बाहेर कितीही लाटा असल्या तरी आत पाणी बऱ्यापैकी शांत. जहाजाला हेच लागतं. ज्या बीचसाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो तो जहाजवाल्याच्या दृष्टीने निरुपयोगी आहे, तिथे लाट फुटते, नांगर टाकून उभं राहता येत नाही, माल उतरवता येत नाही. चौल, दाभोळ, राजापूर, कोकणातली जुनी मोठी बंदरं घ्या, सगळी खाडीच्या आश्रयाने. समुद्र त्यांना जाण्यायेण्यापुरताच हवा होता.

बरं, इथे एक आपल्या पुणे जिल्ह्याशी संबंधित किस्सा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1469 च्या सुमाराला रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी चौलला उतरला. सोबत एक घोडा होता, तो विकून पैसे करायचे हा प्लॅन. तेव्हा दख्खनमध्ये बहमनी राज्य, चांगल्या जातीचे घोडे इकडे फारसे निपजत नसत, ते अरबस्तान-इराणकडून जहाजाने यायचे आणि त्यांना किंमत जबरदस्त. तर हा घोडा घेऊन घाट चढून आला कुठे, तर जुन्नरला. पावसाळा तिथेच काढला. त्याने चिखलाबद्दल लिहून ठेवलंय, जे कुठल्याही जुन्नरकराला पटेल. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, म्हणाला धर्म बदल, घोडाही देतो आणि वर पैसेही. शेवटी एका खुरासानी माणसाने मध्यस्थी केली तेव्हा घोडा परत मिळाला. पुढे बीदर वगैरे सगळं फिरून दमून हा परत जायला निघाला तो दाभोळवरून. घोडे उतरणारं मोठं बंदर अशी त्याची दाभोळबद्दलची नोंद आहे. तिथून होर्मुझला जाणारं जहाज पकडलं, ते आधी भलतीकडे, हबशी लोकांच्या किनाऱ्याला लागलं, मग कसाबसा होर्मुझला पोचला, आणि आपल्या गावाला पोचायच्या आधीच वारला. वास्को द गामा कालिकतला आला 1498 मध्ये, म्हणजे हा त्याच्याआधी पंचवीसेक वर्षं. आपल्याला शाळेत वास्को द गामा पाठ असतो, जुन्नरच्या चिखलात पाय रुतलेला हा माणूस मात्र कुणी सांगत नाही.

मावशीला हे गाडीत सांगितलं तर तिचा प्रश्न एकच, "घोडा विकला गेला का शेवटी?" गेला म्हणे, पण फायदा काही झाला नाही, दाणापाण्याचाही खर्च निघाला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. जेटीच्या बाजूला होड्या चिखलात कलंडलेल्या, त्यांच्यावर लाल-पिवळे झेंडे, आणि वास. वास सुक्या मासळीचा, डिझेलचा आणि त्या चिखलाचा, जो मला आवडतो आणि माझ्या नवऱ्याला अजिबात आवडत नाही, म्हणून तो आलाच नव्हता. बर्फ फोडायचं मशीन घरघरत होतं. टोपल्यांभोवती बायका, लिलाव असा की बाहेरच्या माणसाला कळतच नाही कोण बोललं आणि कोणाला मिळालं. फेरीच्या रांगेतले लोक लांबूनच फोटो काढत होते.

संध्याकाळी मशिदीकडे गेलो. लोक तिला अंडा मशीद म्हणतात, किंवा मासाहेबाची मशीद. एकच मोठा घुमट, चार कोपऱ्यांना मिनार, काळा दगड, विजापूरच्या धाटणीच्या कमानी. जेटीपासून हाकेच्या अंतरावर आहे. 1659 ची, असं सांगतात. गोष्ट अशी की विजापूरच्या राजघराण्यातली आयेशाबीबी हजला निघाली, लवाजमा, पैसा, सगळं घेऊन दाभोळपर्यंत आली, आणि इथे कळलं की समुद्र सुरक्षित नाही. थांबली. वाट बघून जाता येईना तेव्हा मौलवी म्हणाले की धर्मासाठी आणलेला पैसा परत नेऊ नये, इथेच मशीद बांध. तिने बांधली. इतिहासकाराने भुवई उंचावावी अशी ही गोष्ट आहे, पण मला ती सोडवत नाही, कारण या गावातून कोण कोण आलं-गेलं त्यात जी एक बाई अडकून पडली, जिला ओलांडता आलं नाही, तिचंच तेवढं इथे उभं राहिलंय. गेलेल्यांचं काही राहिलं नाही, व्यापाऱ्यांच्या वखारी नाहीत, घोड्यांच्या पागा नाहीत.

आणि वेळ बघा. अफझलखानाचा वध नोव्हेंबर 1659 मध्ये झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच मराठी फौज कोकणात उतरून दाभोळच्या बंदरावर आली होती, बंदरात असलेली खानाची जहाजं तिथून निसटून राजापूरकडे गेली आणि त्यांच्या मागे मराठे राजापूरला पोचले, इंग्रजांशी पहिली खडाजंगी तिथे झाली. म्हणजे चुना वाळतोय न वाळतोय तोवर मालक बदलायला सुरुवात.

आम्ही पायऱ्यांवर बसलो. पायऱ्यांच्या दगडाला मधोमध खोलगट झीज आहे, हाताने चाचपली की कळते, कडेला दगड सरळ आणि मधे पावलांनी खाल्लेला. कमानीच्या वर दगडातली वेलबुट्टी आहे, तिच्या खाचेत मुंग्यांनी वाळूचा ढीग काढला होता. आतून अजानीची तयारी चालू होती, माइकवर कोणीतरी टकटक केलं. मावशी म्हणाली लांबून बोटीतून दिसायचा तो हाच घुमट. दिसला की पोरं ओरडायची, आलं आलं, दाभोळ आलं.

या गावाचा सगळ्यात वाईट दिवस आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. डिसेंबर 1508. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द अल्मेदा याचा मुलगा लोरेंसु त्याच वर्षी चौलच्या लढाईत मारला गेला होता, इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना. बाप सूड घ्यायला निघाला दीवकडे, आणि वाटेत दाभोळ लागलं. दाभोळचा चौलच्या लढाईशी थेट संबंधही नव्हता. वर्ष संपता संपता आरमार खाडीत शिरलं, किनाऱ्यावरची तटबंदी गेली, मग शहरात कत्तल आणि मग आग. बायका, पोरं कोणाला सोडलं नाही. पुढे फेब्रुवारी 1509 मध्ये दीवला त्याने लढाई जिंकली, आणि त्या लढाईला इतिहासात मोठी जागा आहे, हिंदी महासागर कोणाचा हे तिथे ठरलं वगैरे. दाभोळ त्या प्रकरणात एखाद्या परिच्छेदात येतं. इथेही वाटेवरचं गाव म्हणूनच.

तरी दाभोळ संपलं नाही हं. जळून परत उभं राहिलं, शतकभर आणि त्याहून जास्त चाललं. बंदरं आगीने मरत नाहीत असं मला आता वाटायला लागलंय. दाभोळचं जे झालं ते हळूहळू झालं, सुरत मोठी झाली, मग मुंबई मोठी झाली, जहाजं मोठी झाली आणि खाडीच्या तोंडाशी वाळूची पट्टी होती तिथेच राहिली, राज्यं बदलली, विजापूरच उरलं नाही तर विजापूरचं बंदर कशाला लागेल. मग कोकण रेल्वे आली ती खेड-चिपळूणवरून, इकडे फिरकलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंडिकेला जाऊन आलो. गावाच्या वरच्या अंगाला, कातळात खोदलेलं देऊळ. आत विजेचा दिवा नाही, समया तेवढ्या. बाहेरच्या उन्हातून वाकून आत शिरलं की काही क्षण ठार आंधळं व्हायला होतं, हाताला थंड कातळ लागतो, तेलाचा वास येतो, मग हळूहळू शेंदरी देवी दिसायला लागते. प्रदक्षिणा भिंत चाचपत. मावशी गुडघ्यांचं विसरून वाकून गेली आणि माझ्याआधी बाहेर आली, हे नोंदवून ठेवते.

आणि मग होडी.

फेरी नव्हे, होडी. जेटीवर चौकशी केली, तर एका तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, म्हटलं दुपारच्या भरतीला नेतो, आधी ओहोटीबरोबर तोंडाशी जाऊ, मग भरती लागली की तिच्यावर आत. डिझेल वाचतं. हे त्याने इतकं सहज सांगितलं, पण हेच तर सगळं गणित आहे ना, इंजिन यायच्या आधी हजार वर्षं असंच चालत असणार, पाणी बाहेर जाताना बाहेर, आत येताना आत. मावशीला उचलून होडीत घ्यायला दोन खलाशी पुढे आले तर ती म्हणाली, "लांब राहा, मला सवय आहे." पण मग एकाच्या खांद्यावर हात ठेवलाच.

"आजी, मधल्या फळीवर बसा. उठायचं नाही."

"अरे, तुझ्या वयाची असल्यापासून या पाण्यावर आहे मी."

"मग तुम्हीच चालवा, मी बसतो," तो म्हणाला, आणि इंजिनाला हँडल मारलं.

तोंडाकडे जाताना डाव्या हाताला अंजनवेलचा डोंगर येतो. वर गोपाळगड. सिद्दीच्या ताब्यात होता तो तुळाजी आंग्र्यांनी 1745 च्या सुमाराला घेतला आणि त्यांनीच हे नाव दिलं. खालून तटाची रेघ दिसते आणि झाडी. आत आंब्याची कलमं आहेत. किल्ल्यात हापूस, हे कोकणात अगदी नॉर्मल आहे. आणखी पुढे टाळकेश्वरचं दीपगृह. समोर पाण्यावर एक पांढरी रेघ उठत होती, उठून फुटत होती. "तिकडे वाळू आहे," तांडेल म्हणाला, "पाणी पांढरं दिसलं की आपण जायचं नाही. काळं दिसतं तिथून वाट." मी बघत राहिले, मला सगळंच पाणी सारखंच दिसत होतं. नकाशात ज्याला खाडीचं मुख म्हणतात त्याच्या एवढ्या रुंदीत मोठ्या बोटीला जायची वाट खरं तर फारच थोडी आहे, आणि ती दर पावसाळ्यानंतर थोडी सरकते म्हणे.

इथेच मावशी सुरू झाली. आगबोटी. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटायच्या, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी असं करत खाली. बोट धक्क्याला लागायची नाही, पाण्यात उभी राहायची, लोक पडावातून, म्हणजे लहान होडीतून, जायचे. रात्री-अपरात्री भोंगा झाला की समोरच्या काठावरून कंदील घेऊन निघायचं, पडावात ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, आणि बोटीच्या कडेला पोचलं की पडाव वर-खाली, वरचा खलाशी ओरडणार "आता", की त्या क्षणाला हात पुढे करायचा. "एकदा मला त्याने दंडाला धरून वर ओढलं तर चप्पल खाली राहिली. मुंबईला एका पायात चप्पल घालून उतरले." पावसाळ्यात सगळं बंद. जून लागला की मुंबईला गेलेला माणूस दिवाळीपर्यंत तिकडचाच. आणि 1947 च्या जुलैत रामदास बोट बुडाली, मुंबईहून रेवसला जाताना, सहाशेच्या वर माणसं गेली, त्यानंतर तिची आजी बोटीत बसायच्या आधी प्रत्येकाच्या हातात एक नारळ द्यायची, समुद्रात टाकायला. "बोट लागायची का ग तुला?" विचारलं तर म्हणाली, "मला नाही. तुझ्या आजोबांना लागायची. लिंबू हुंगत बसायचे मुंबईपर्यंत."

होडी वळवली तेव्हा समोर तो वीज प्रकल्प दिसला. चिमण्या, टाक्या, जेटी. माझ्या पिढीच्या पुणेकरांना दाभोळ हे नाव कळलं ते यामुळेच, आणि गंमत म्हणजे हे दाभोळमध्ये नाहीच. अंजनवेल-वेलदूरला आहे, गुहागर तालुक्यात, खाडीच्या दुसऱ्या बाजूला. नाव मात्र दाभोळ पॉवर कंपनी. 1992 मध्ये एन्रॉनशी बोलणी, 1995 मध्ये सरकार बदलल्यावर करार रद्द, मग पुन्हा करार, 1999 मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू, 2001 मध्ये दराच्या भांडणात बंद, तिकडे अमेरिकेत एन्रॉनच बुडाली. पेपरात रोज दाभोळ. 2005 पासून दुसऱ्या कंपनीकडे आहे. इथल्या लोकांनी जमिनीसाठी आंदोलनं केली, लाठ्या खाल्ल्या, तो भाग पेपरात कमी आणि दराचं राजकारण जास्त.

बाजूलाच गॅसचं टर्मिनल. समुद्रातून द्रवरूप गॅस घेऊन जहाजं येतात. पूर्वी घोडे, आता गॅस, येतो समुद्रावरून आणि जातो घाटावर, गावात काही थांबत नाही. आणि एक गोष्ट मला फारच आवडली, की लाटा अडवणारा बांध अपुरा असल्यामुळे हे टर्मिनल सुरू झाल्यावर कितीतरी वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागू शकायचं नाही. एवढं कोट्यवधींचं काम, आणि जूनमध्ये बंद. मावशीच्या आगबोटीसारखंच.

भरती लागली. ती लागताना दिसते हे मला नव्याने कळलं, पाण्यावरचा कचरा, एक नारळाची करवंटी, बाहेर चालली होती ती थबकली, स्वतःभोवती फिरली आणि आत यायला लागली. आम्हीही. दाभोळ, फेरीची जेटी, रांग, सगळं मागे टाकून वर. दोन्ही बाजूला कांदळवन, मुळं अजून उघडी, त्यावर बगळे. एका उथळ जागी चार-पाच बायका कमरेएवढ्या पाण्यात वाकून तिसऱ्या, म्हणजे खाडीतले खायचे शिंपले, काढत होत्या. पायाने चिखल चाचपायचा, लागलं की हात खाली, मूठ वर, मुठीतलं धुवायचं आणि कमरेच्या जाळीत. बोलणं चालूच. त्यातल्या एकीने हात दाखवला, बोटांच्या टोकांना शिंपल्यांनी कापलेल्या बारीक रेघा, जुन्या पांढऱ्या आणि नव्या लाल. "भरती चढतेय, आता घरी," म्हणाली. दोन वाटे घेतले, मावशीने भाव करायचा प्रयत्न केला आणि त्या हाताकडे बघून गप्प बसली.

आता टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी. पुण्यात पावसाळा आला की आपण सगळे टीएमसी बोलतो, खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली तर साधारण 29 टीएमसी, हे रिक्षावाल्यालाही माहीत. तर कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, खरं तिने कराडला कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळायचं. पण कोयनेचं पाणी डोंगरातून बोगद्याने पश्चिमेला नेऊन पोफळीच्या बाजूला खाली सोडतात, त्यावर वीज होते, आणि ते पाणी पुढे वाशिष्ठीत. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने त्यासाठी वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. म्हणजे आपल्या चारही धरणांच्या दुपटीहून जास्त गोडं पाणी, जे निसर्गाने देशावर पाठवलं होतं, ते या खाडीतून अरबी समुद्रात येतं. घाटावरचं सगळं दाभोळलाच येतं असं दिसतंय. तांडेलाला विचारलं, तर तो म्हणाला, "वरच्या बाजूला उन्हाळ्यातपण पाणी गोडं लागतं. मगरी आहेत तिकडे, चिपळूणच्या अंगाला. पूर्वी मासा जास्त होता. आता केमिकलचं पाणी येतं, कधी कधी मासा मरून वर येतो." लोटे-परशुरामच्या कारखान्यांबद्दल खाडीकाठच्या मच्छीमारांची ही तक्रार जुनी आहे, मोर्चे झालेत, बातम्या होतात, पुन्हा मासा मरतो.

पूर्वी याच पाण्यावरून लहान गलबतं भरतीबरोबर चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत माल न्यायची, तिथून बैलांवर कुंभार्ली घाट आणि कराड. आता नदीत गाळ इतका की 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूण बुडाल्यावर तो काढायला पोकलेन लावावे लागले. आम्ही फार वर गेलो नाही. सूर्य कलायला लागला, डासही आले. मला अजून जायचं होतं, पण तांडेलाला पहाटे जाळी टाकायला जायचं होतं.

रात्री तिसऱ्या खाल्ल्या, ओलं खोबरं घालून केलेलं सुकं आणि तांदळाची भाकरी. याच्यावर काही लिहीत नाही, लिहून उपयोग नाही.

निघताना आम्हीही शेवटी फेरीच्या रांगेत लागलो. ही फेरी 2003 पासून आहे, आणि मला विचाराल तर सध्याच्या दाभोळची खरी बंदरगिरी हीच. स्थानिक लोक जंगलजेटी म्हणतात. फळका खाली येतो, साखळ्यांचा खडखडाट, आणि एक काटकुळा पोरगा शिट्टी तोंडात धरून उभा. तो तोंडाने काही बोलतच नाही. दोन बोटांनी पुढे, मनगट फिरवलं की स्टिअरिंग काप, तळहात दाखवला की बास. एक एसटी, एक चिऱ्यांचा ट्रक, दहा-बारा गाड्या, मधे मधे बाइका, असं सगळं त्याने इतकं घट्ट बसवलं की माझा दरवाजा उघडेना. खिडकीतून बघितलं तर शेजारच्या गाडीत आमच्याच पुण्याचं एक कुटुंब, त्यातला मुलगा विचारत होता, "बाबा, बीच कधी येणार?"

रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं काम निघालंय, त्यात खाड्यांवर पूल घ्यायचे ठरतंय. पूल झाला की इथल्या लोकांची सोय होईल हे नक्की, रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं तर फेरीची वाट बघणं काय असतं ते त्यांना विचारा. त्या पोराचं आणि वडापाववाल्यांचं काय हेही विचारा.

धोपाव्याला उतरून गुहागरला जायचं सोडून आम्ही चिपळूणकडे वळलो. मावशीचा हट्ट, की कुंभार्लीवरून जाऊ, घोडे गेले तसे. तर पोफळी, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण असं करत कराडला हायवे लागला. घाटात मागे चिऱ्यांचे ट्रक, पुढे उसाचे. कराडला चहा घेताना मावशी फोनवर तिच्या धाकट्या बहिणीला सांगत होती की दाभोळ झालं, आता तवसाळहून जयगडलासुद्धा अशीच फेरी आहे म्हणे, मे महिन्यात जाऊया, तू नुसती हो म्हण, ही गाडी काढते.

मला अजून कोणी विचारलेलं नाही.